थंड हवेच्या यंत्राचा वारा मंदावला असतां काय पाहावें

घरांत, बियाण्याच्या खोलींत किंवा अळिंबीच्या शेडमध्यें बसविलेलें थंड हवेचें यंत्र, ज्यास आतां सर्वत्र एसी असेंच म्हणतात, तें चालू असूनहि त्यांतून वारा पुरेसा येत नाहीं, ही तक्रार उन्हाळा तापूं लागला कीं ठिकठिकाणीं ऐकूं येते. विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांत मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळीं घरांत वृद्ध मनुष्य किंवा तान्हें मूल असलें म्हणजे ही तक्रार नुसत्या सुखसोयीची राहत नाहीं. आणि शेडमध्यें अळिंबीच्या पिशव्या टांगलेल्या असल्या तर दोन दिवसांच्या उष्म्यानें सबंध काढणी हातची जाते. असें असूनहि पुष्कळ ठिकाणीं घडतें तें असें कीं, मेकॅनिकास बोलावणें जातें, तो बाहेरच्या खोक्यास गेज लावतो, गॅस कमी झाला आहे असें सांगून गॅस भरतो व पैसे घेऊन जातो. आणि पंधरा दिवसांनीं वारा पुन्हां होता तसाच मंद. वारा मंदावण्याचीं बहुतेक कारणें घरच्या माणसास डोळ्यांनीं दिसणारीं व हातानें दूर करतां येणारीं आहेत, हें समजून घेतल्यास हा खर्च व हा मनस्ताप पुष्कळ अंशीं टळेल, म्हणून हा विषय येथें थोडा विस्तारानें मांडीत आहों.

प्रथम यंत्राची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. हल्लीं भिंतीवर लावावयाचें जें यंत्र बहुतेक घरांत दिसतें त्याचे दोन भाग असतात. एक खोलींत, दुसरा बाहेर गच्चीवर किंवा भिंतीला. पुष्कळांची अशी समजूत असते कीं बाहेरचें खोकें बाहेरची हवा ओढून, ती थंड करून, नळीवाटे आंत पाठवितें. ही समजूत चुकीची आहे. नळ्यांतून हवा मुळींच येत नाहीं; तेथून फक्त गॅस, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव, फिरत असतो. खोलींतील यंत्र खोलींतीलच हवा वरच्या बाजूनें आंत ओढून घेतें, ती जाळीच्या फिल्टरमधून गाळतें, मग अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बसविलेल्या थंड नळ्यांच्या जुडग्यावरून, म्हणजे कॉइलवरून, नेतें, आणि खालीं आडवा बसविलेला लांबट दंडगोल पंखा, म्हणजे ब्लोअर, ती हवा खालच्या झडपांतून पुन्हां खोलींत सोडतो. जाळी, कॉइल, ब्लोअर, झडपा: वाऱ्याचा सगळा रस्ता एवढाच. वारा अडला असेल तर याच चार ठिकाणीं कोठेंतरी अडला असला पाहिजे, किंवा ब्लोअर फिरविणारी मोटर थकली असली पाहिजे. बाहेरचें खोकें बिघडलें तर हवा गरम येईल, पण ती तितक्याच जोरानें येईल. याला अपवाद एकच आहे, तो बर्फाचा. त्याचा विचार पुढें स्वतंत्रपणें केला आहे.

टन हा शब्दहि येथेंच उलगडून सांगतों, कारण तो यंत्राच्या वजनाचा आहे असें समजणारे लोक अजून भेटतात. पूर्वीं बर्फानें थंडावा देत असत. एक अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड, बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेतो तितकी उष्णता ओढणारें यंत्र तें एक टनाचें. ही उष्णता ओढावयाची तर कॉइलवरून हवाहि त्या मानानें गेली पाहिजे. दर टनामागें दर मिनिटास सुमारें ४०० घनफूट हवा हें या धंद्यांतील जुनें ठोकळ प्रमाण आहे. भिंतीवरच्या यंत्रांत तें निरनिराळ्या कारखान्यांच्या मालांत कमीअधिक असतें, परंतु तें निम्म्यावर आलें तर यंत्र कितीहि टनांचें असो, त्या टनांचा उपयोग होत नाहीं.

आतां वारा खरोखरच मंदावला आहे काय, हा पहिला प्रश्न. ज्या घरांत वर्षानुवर्षें वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर होता त्या घरांत नवा एसी आला कीं माणसें नाराज होतात. कारण कूलरचा वारा अंगावरचें पांघरूण उडविणारा असतो. कूलरला खिडकी उघडी लागते व तो बाहेरची हवा मोठ्या प्रमाणांत आंत लोटतो. एसीला दारें-खिडक्या बंद लागतात व तो थोडीच हवा पुष्कळ थंड करतो. दोघांची तुलना करूं नये. तुलना करावयाची ती त्याच यंत्राची गेल्या वर्षाशीं. यंत्र नवें असतांना किंवा नुकतें स्वच्छ केलें असतांना झडपेसमोर एक हलकी रिबीन किंवा कापसाचा धागा धरून तो किती आडवा उडतो, आणि समोरच्या भिंतीजवळ उभें राहिलें असतां वारा लागतो कीं नाहीं, हें एकदां पाहून ठेवावें. ज्यांना अधिक नेमकें पाहिजे त्यांनीं वाऱ्याचा वेग मोजण्याचें लहान चक्र घ्यावें. फवारणीपूर्वीं वारा पाहण्यासाठींहि तें शेतकऱ्याच्या कामास येतें. समजा, झडपेचें तोंड ७५ सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर; आणि तोंडाच्या पांच-सहा ठिकाणीं मोजून वेगाची सरासरी सेकंदास ४ मीटर आली. तर सेकंदास ०.२४ घनमीटर, म्हणजे मिनिटास सुमारें १४.४ घनमीटर किंवा ५०० घनफूट हवा निघते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत त्या जातीच्या यंत्राचा आंकडा बहुधा दिलेला असतो. त्याच्याशीं हा ताडून पाहावा.

याहून सोपी व माझ्या मतें जास्त उपयोगाची परीक्षा साध्या थर्मामीटरची आहे. तापमान सर्वांत खालीं व पंखा सर्वांत जलद ठेवून यंत्र पंधरा-वीस मिनिटें चालूं द्यावें. मग यंत्राच्या वर, जेथें हवा आंत ओढली जाते तेथें, आणि खालीं झडपेच्या तोंडांत, अशा दोन ठिकाणचें तापमान घ्यावें. चांगल्या चालणाऱ्या यंत्रांत हा फरक साधारणपणें ८ ते १२ अंश सेल्सिअस असतो. पावसाळ्यांत किंवा कोंकणांतल्या दमट हवेंत तो थोडा कमी भरतो, कारण यंत्राची बरीच शक्ति हवेंतील ओल काढण्यांत जाते. वारा मंद असून फरक नेहमींपेक्षां मोठा असेल, म्हणजे झडपेशीं हवा अगदीं बर्फासारखी लागते पण पुढें पोंचत नाहीं, तर दोष वाऱ्याच्या रस्त्यांत आहे. वारा भरपूर असून फरक चार-पांच अंशच असेल तर दोष गॅस, कॉम्प्रेसर किंवा बाहेरच्या खोक्याकडे आहे. एवढी एक गोष्ट मेकॅनिक येण्यापूर्वीं आपण पाहून ठेवली तर त्याच्याशीं बोलणें निराळ्या पायरीवर सुरू होतें.

यानंतर रिमोटकडे पाहावें. हें सांगणें पोरकट वाटेल, परंतु घरांतील मुलांनीं बटणें दाबून पंखा मंद गतीवर किंवा झोपेच्या वेळच्या चालीवर ठेवलेला असतो, आणि मोठीं माणसें यंत्र बिघडलें म्हणून चिंता करतात. ओल काढण्याची चाल लावली असेल तर पंखा मुद्दाम हळू फिरतो; कित्येक यंत्रांत ती गति रिमोटनें वाढवितांहि येत नाहीं. तापमान १८ वर आणल्यानें वारा वाढत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें. झडपा हलविणारी लहान मोटर अडकून झडप अर्धवट मिटलेली राहते, ती डोळ्यांनीं दिसते. मग यंत्र लावलें कोठें आहे तें पाहावें. जुन्या वाड्यांत माळवदाच्या तुळया खालीं आलेल्या असतात. तुळईच्या अगदीं मागें यंत्र लावलें तर वारा तुळईवर आपटून खालीं पडतो. छताखालीं फळ्यांचें तक्तपोशी करून यंत्र त्याला चिकटवून बसविलें तर वरून हवा आंत शिरण्यास वाटच राहत नाहीं. यंत्राच्या वर निदान सहा इंच मोकळे असावेत. कपाटावर ठेवलेल्या ट्रंका, पडदे, मशारीचीं टोकें यांचाहि अडथळा होतो.

फिल्टरची जाळी

शहरांतल्या घरापेक्षां शेतकऱ्याच्या घरांत जाळी फार लवकर भरते, हें कारखान्याच्या पुस्तिकेंत लिहिलेलें नसतें. मळणी चालू असतांना उडणारें कूस, कापूस वेंचून घरांत रचला असतां उडणारे तंतु, गोठ्यांतील भुसा, बैलगाडी-ट्रॅक्टरची धूळ, चुलीचा धूर आणि मिरची-मसाला कुटतांनाची पूड, हें सर्व त्या एका बारीक जाळींतून गाळलें जातें. कापसाचे तंतु विशेष वाईट. ते जाळीवर नमद्यासारखे जमतात व त्यावर धूळ बसली कीं हवा जाणें जवळजवळ बंद होतें. पुस्तिकेंत महिन्यानें जाळी धुण्यास सांगितलेलें असलें तरी उन्हाळ्यांत पंधरा दिवसांनीं, आणि घरांत कापूस असेल किंवा अंगणांत मळणी चालू असेल तर आठवड्यानें ती काढून पाहावी.

जाळी काढण्यापूर्वीं यंत्र रिमोटनें बंद करून भिंतीवरचा स्विच किंवा एमसीबी उतरवावा. पुढचें झांकण उचलून जाळी ओढली कीं ती सुटी येते. ती नळाखालीं धरतांना पाण्याची धार स्वच्छ बाजूनें, म्हणजे आंतल्या बाजूनें सोडावी, म्हणजे धूळ ज्या वाटेनें आली त्याच वाटेनें निघून जाते. उलट बाजूनें धार सोडल्यास ती जाळीच्या डोळ्यांत अधिकच रुतते. पाणी साधें किंवा कोमट असावें, कढत नको. तेलकट असल्यास थोडा मऊ साबण चालेल. धुतल्यावर जाळी उन्हांत टाकूं नये. प्लॅस्टिकची चौकट वाकते व मग ती खांचेंत नीट बसत नाहीं, आणि राहिलेल्या फटींतून धूळ थेट कॉइलवर जाते. सावलींत पूर्ण वाळवून मगच बसवावी. कांहीं यंत्रांत या जाळीखालीं सूक्ष्म धूळ किंवा वास धरणारा दुसरा लहानसा फिल्टर दिलेला असतो. तो धुण्याजोगा नसून ठराविक मुदतीनें बदलावयाचा असतो. तो तसाच वर्षानुवर्षें ठेवल्यास वाऱ्याला कायमचा अटकाव होतो.

जाळी काढूनच यंत्र चालविणारे एक-दोन गृहस्थ माझ्या पाहण्यांत आहेत. त्यानें वारा त्या दिवशीं छान वाटतो, पण महिन्याभरांत सगळी घाण कॉइलवर व ब्लोअरवर जाते आणि मग जें काम दहा मिनिटांत फुकट होणारें होतें त्याला कारागीर व अर्धा दिवस लागतो.

कॉइल व ब्लोअर

जाळी काढल्यावर मागें चकाकणाऱ्या पट्ट्यांची कॉइल दिसते. बॅटरीच्या उजेडांत पट्ट्यांमधील फटी मोकळ्या दिसल्या पाहिजेत. त्यांवर करडा थर असेल तर वाळलेल्या मऊ ब्रशनें पट्ट्यांच्या रेषेनें, वरून खालीं, हलकेंच झाडावें. आडवा ब्रश फिरविल्यास पट्ट्या वाकतात व वाकलेली पट्टी हीच एक भिंत होते. आंतपर्यंत घाण गेली असेल तर पाण्यानें धुण्याचें काम माहितगाराकडूनच करवावें, कारण त्याच खोक्यांत एका बाजूस विजेचें सर्किट असतें व तें झांकून घ्यावें लागतें.

येथें शेतकऱ्यांना एक विशेष सूचना करणें जरूर आहे. घरांत फवारणीचा पंप असतोच, आणि कॉइल धुण्यास तो सोयीचा दिसतो. तो कधींहि वापरूं नये. एक तर इंजिनावर चालणाऱ्या पंपाचा दाब इतका असतो कीं अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या क्षणांत आडव्या पडतात. दुसरें याहून महत्त्वाचें: पंप कितीहि धुतला तरी टाकींत, नळींत व नोझलमध्यें औषधाचा अंश राहतो. तो कॉइलवर बसला कीं पुढें कित्येक दिवस तीच हवा घरांतील माणसें दारें-खिडक्या लावून रात्रभर श्वासावाटे घेणार. पाठीवरच्या साध्या पंपासहि हेंच लागू आहे. तसेंच, झटपट चकाकी आणण्यासाठीं तीव्र आम्लाचें पाणी मारणारे कांहीं कारागीर असतात. त्यानें पट्ट्या झडतात व नळ्यांना बारीक छिद्रें पडण्यास आरंभ होतो. तें पाणी काय आहे, हें विचारण्यास संकोच करूं नये.

आतां ब्लोअर. माझ्या अनुभवांत, जाळी स्वच्छ, कॉइल स्वच्छ, गॅस बरोबर, आणि तरीहि वारा नाहीं, अशा बहुतेक यंत्रांत दोष येथेंच सांपडतो. आणि येथेंच सर्वांत कमी पाहिलें जातें, कारण हा भाग समोरून दिसत नाहीं. हा पंखा आपल्या छतावरच्या पंख्यासारखा नसतो. हातभर लांबीचा तो एक पोकळ दंडगोल असून त्याच्या सभोंवार बोटभर रुंदीहून कमी अशीं बांकदार पातीं ओळीनें बसविलेलीं असतात. प्रत्येक पात्याचा बांक हवेला चमच्यासारखा उचलून पुढें टाकतो. जाळींतून निसटलेली सूक्ष्म धूळ कॉइलच्या ओलाव्यानें चिकट होऊन या बांकांत बसते, त्यावर काळी बुरशी वाढते, आणि बांक भरून निघतो. पंखा तितक्याच वेगानें फिरत असतो, आवाजहि तोच येतो, पण भरलेल्या चमच्यांत हवा मावत नाहीं. वीज बंद करून, झडपा बोटानें अलगद उघडून, खालून आंत बॅटरीचा उजेड टाकावा. पात्यांवर काळा थर किंवा केसाळ लव दिसली तर रोग सांपडला असें समजावें. यंत्र सुरू करतांच कुबट वास येणें, झडपेच्या कडांवर काळे ठिपके दिसणें आणि थर एका बाजूस गळून पडल्यामुळें यंत्र थडथडणें, या त्याच्याच खुणा आहेत.

ब्लोअर काढून धुणें हेंच उत्तम. कित्येक कारागीर तो न काढतां खालीं प्लॅस्टिकची पिशवी बांधून लहान पंपानें स्वच्छ पाणी मारतात. मनापासून केलें तर तेंहि चालतें, पण पिशवींत काळें पाणी पडेनासें होईपर्यंत केलें पाहिजे. "सर्व्हिसिंग" झालें म्हणून पैसे देण्यापूर्वीं तीच बॅटरी घेऊन आपण स्वतः पुन्हां आंत पाहावें. जाळी झटकून व बाहेरच्या खोक्यावर पाण्याची धार सोडून पंधरा मिनिटांत निघून जाणारा मनुष्य ब्लोअरपर्यंत पोंचलेलाच नसतो.

पंखा स्वच्छ असून हळू फिरत असेल तर मोटरकडे वळावें. साध्या जातीच्या यंत्रांत मोटरला एक लहान कपॅसिटर जोडलेला असतो, बहुधा १ ते ४ मायक्रोफॅरडच्या दरम्यानचा. तो जुना झाला कीं त्याची शक्ति उतरते व पंखा मंदावतो, किंवा सुरू होतांना अडखळतो. वीज बंद असतां ब्लोअर बोटानें फिरवून पाहावा. सहज फिरला तर संशय कपॅसिटरवर, जड गेला तर बुशावर किंवा बेअरिंगवर. कपॅसिटर स्वस्त वस्तु आहे, पण वीज बंद केल्यावरहि त्यांत भार सांठलेला राहतो व तो धक्का देतो, म्हणून त्यास वायरमननेंच हात लावावा. मोटर बदलण्यास सांगणाऱ्याला आधीं कपॅसिटर मोजून दाखविण्यास सांगावें. छापलेल्या आंकड्याहून तो एक-दशांशापेक्षां जास्त उतरला असेल तर बदलावा.

गांवांत आणि विशेषतः शेतांतल्या वस्तीवर कमी व्होल्टेज हें कारणहि वारंवार असतें. घर व पाण्याचे पंप एकाच डीपीवर असले कीं पंप सुरू होतांच दिवे मंदावतात. तोच प्रकार ब्लोअरचा. २३० व्होल्टांऐवजीं २०७ मिळाले, म्हणजे दहा टक्के पडले, तर अशा मोटरचा जोर सुमारें १९ टक्क्यांनीं कमी होतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. इन्व्हर्टर जातीच्या यंत्रांत पंख्याची मोटर बहुधा निराळ्या धर्तीची असल्यामुळें हा परिणाम कमी जाणवतो. वारा ठराविक वेळींच मंद होतो व पंप थांबल्यावर सुधारतो असें आढळलें तर यंत्र उघडण्याच्या भानगडींत न पडतां त्या वेळचें व्होल्टेज मोजून लिहून ठेवावें, आणि वीज कचेरीकडे अर्ज करतांना तो कागद जोडावा.

बर्फ आणि गॅस

कांहीं घरांत यंत्र सुरू केल्यावर तास-दोन तास वारा उत्तम येतो, मध्यरात्रीं तो क्षीण होत जातो, पहांटे जवळजवळ बंद होतो, आणि यंत्र बंद करून सकाळीं पुन्हां लावलें कीं पुन्हां चांगला येतो. मध्येंच खोक्यांतून टपटप पाणी गळतें. हें चित्र बर्फाचें आहे. कॉइलचा पृष्ठभाग शून्य अंशाखालीं गेला कीं हवेंतील ओल त्यावर दंव न होतां बर्फ होऊन बसते. पट्ट्यांमधील फटी बुजतात. हवा कमी जाते. हवा कमी गेल्यानें कॉइल अधिक थंड होते, आणि बर्फ आणखी वाढतो. हें टाळण्यासाठीं कॉइलवर एक लहान तापमापक बसविलेला असतो व त्यानें कॉम्प्रेसर वेळींच थांबवावयाचा असतो; पण तो जागेवरून सरकला किंवा बिघडला तर थांबविणारें कोणी राहत नाहीं.

बर्फ होण्याचीं मुख्य कारणें दोन, आणि गोंधळ येथेंच होतो. कारण हवा कमी मिळाली तरी बर्फ होतो व गॅस कमी झाला तरी बर्फ होतो. दोहोंचा भेद असा करावा. बर्फ चाकूनें किंवा गरम पाण्यानें कधींहि काढूं नये; कॉम्प्रेसर बंद व नुसता पंखा चालू अशा चालीवर यंत्र दोन-तीन तास ठेवावें व खालीं बादली मांडावी. सर्व वितळल्यावर जाळी धुऊन, ब्लोअर पाहून, यंत्र पुन्हां चालवावें. बर्फ पुन्हां झाला नाहीं तर गॅसचा दोष नव्हता. झालाच, तर तो कोठून सुरू होतो तें पाहावें. हवा कमी असल्यास बर्फ कॉइलवर बहुतेक सर्वत्र पसरतो. गॅस कमी असल्यास कॉइलच्या एका भागावरच जाड थर येतो व बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट राहते. बाहेरच्या खोक्याजवळ दोन नळ्या असतात. त्यांतील बारीक नळीच्या जोडावर पांढरें दंव गोठलेलें दिसणें ही गॅस कमी असल्याची चांगली खूण आहे. बर्फ असतांना यंत्र तसेंच रेटीत राहिल्यास न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्यें परत जातो. कॉम्प्रेसर हा वाफ दाबण्यासाठीं आहे, द्रव दाबण्यासाठीं नाहीं. तो फुटला म्हणजे यंत्राच्या किंमतीचा मोठा भाग बुडाला.

गॅस "संपला" हा शब्दप्रयोग तर आपण सोडूनच दिला पाहिजे. हा गॅस डिझेलसारखा जळत नाहीं कीं मोटरच्या ऑइलासारखा झिजत नाहीं. बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षें फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेंतरी गळती आहे, आणि गळती न बुजवितां गॅस भरणें म्हणजे भोंकाच्या घागरींत पाणी ओतणें. म्हणून गॅस भरण्यास आलेल्या माणसास विचारावें कीं, गळती कोठें आहे तें साबणाच्या फेसानें किंवा नायट्रोजनचा दाब देऊन दाखव. ती बुजविल्यावर नळ्यांतील हवा व ओल व्हॅक्यूम पंपानें काढणार कीं नाहीं तें सांग. आणि गॅस यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाप्रमाणें कांट्यावर तोलून भरणार कीं नुसत्या गेजच्या अंदाजानें? जाणता कारागीर या प्रश्नांनीं रागावत नाहीं. हल्लींच्या बहुतेक नव्या घरगुती यंत्रांत आर-३२ हा गॅस असतो व कांहींत आर-२९०, म्हणजे प्रोपेन, असतो. पहिला मंदपणें पेट घेणारा, दुसरा स्वयंपाकाच्या गॅसासारखा झटकन पेटणारा. यंत्रांत गॅस असतांना नळीला टांक लावण्याचा दिवा लावूं देऊं नये, जवळ विडी ओढूं देऊं नये, आणि पाटीवर एक गॅस लिहिला असतां दुसरा भरूं देऊं नये.

बाहेरच्या खोक्याविषयीं थोडक्यांत एवढेंच कीं, त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचणें, पोतीं टाकणें, त्यांत कुंभारमाशीनें घर करणें यांनीं वारा कमी होत नसला तरी थंडावा कमी होतो व कॉम्प्रेसर तापून थांबतो. त्याच्यासमोर दोन-तीन फूट मोकळी जागा असूं द्यावी.

अळिंबीच्या व बियाण्याच्या खोल्या

शेतावर हें यंत्र चालतें तेथें वरचे सर्व नियम अधिक कडकपणें लागू होतात. धिंगरी अळिंबी वाढूं लागली कीं तिचे बीजाणु अक्षरशः धुरासारखे हवेंत पसरतात. ते चिकट असतात. जाळीवर व कॉइलवर त्यांचा पिठासारखा थर बसतो, आणि काढणीच्या दिवसांत आठवड्यांतून दोनदां जाळी धुतली नाहीं तर दुसरी काढणी होईपर्यंत वारा अर्ध्यावर येतो. हे बीजाणु छातींत जाऊन खोकला व ताप आणतात, म्हणून जाळी काढणाऱ्यानें तोंडाला चांगला मास्क बांधावा व जाळी शेडच्या बाहेर नेऊन ओलीच धुवावी, झटकूं नये. शिवाय, हें यंत्र बाहेरची ताजी हवा आणीत नाहीं हें वर सांगितलेंच आहे. अळिंबीचे देंठ लांब व छत्र्या बारीक होऊं लागल्या तर दोष एसीच्या वाऱ्याचा नसून कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. तेथें स्वच्छ हवा आणणारा निराळा पंखा पाहिजे, एसीचा वेग वाढवून उपयोग नाहीं.

बियाण्याच्या खोलींत पोतीं थेट यंत्राखालीं छतापर्यंत रचण्याची चूक सर्रास होते. थंड हवा पहिल्या थप्पीवर आपटून तेथेंच घोटाळते आणि मागच्या थप्प्या उबदार राहतात. थप्पी भिंतीपासून वीतभर दूर, खालीं लांकडी फळ्यांवर आणि दोन थप्प्यांमध्यें माणूस आडवा जाईल एवढी वाट ठेवून रचावी. आणि थर्मामीटर यंत्राजवळ न टांगतां सर्वांत दूरच्या कोंपऱ्यांत, पोत्यांच्या मध्यावर ठेवावा.

भाजीपाला ठेवण्यासाठीं जाड उष्णतारोधक भिंतींची लहान खोली बांधून त्यांत घरगुती एसी लावण्याची पद्धतहि रुजत आहे. घरगुती यंत्र १६ किंवा १८ अंशांखालीं जाण्यासाठीं केलेलें नसतें. त्याला निराळा नियंत्रक जोडून ८-१० अंशांपर्यंत नेतात. या नियंत्रकाचें खरें काम खोली थंड करणें हें नसून कॉइलवर बर्फ धरूं लागतांच कॉम्प्रेसर थांबवून पंख्यानें तो वितळवूं देणें हें आहे. म्हणून अशा खोलींत त्याचा तापमापक कॉइलच्या पट्ट्यांत घट्ट खोंवलेला आहे कीं नाहीं तें जाळी काढतांना दर वेळीं हातानें चाचपून पाहावें, आणि भाजी भरलेली असतांना रात्रीं एकदां तरी उठून झडपेसमोर हात धरावा.